खुराड्यातली गादी

वहिनीला जुळं झालं आणि धाकटी सासर सोडून माहेरी परत आली, दोन्ही एकाच महिन्यात. त्या वर्षाची ही गोष्ट. आमच्या घरात एकदम तीन माणसं वाढली, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. दोन पाळण्यातली आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आलेली. ऐकणारा हसला की आईही हसायची, आणि धाकटी तेवढ्यात काहीतरी आणायच्या निमित्ताने आत निघून जायची.

ती का परत आली हे घरात कुणी विचारलं नाही. तिच्या डाव्या हाताचं मनगट पूर्वीसारखं वळत नव्हतं. तेवढं सगळ्यांना दिसत होतं.

घर गल्लीच्या टोकाला होतं. एकापाठी एक अशा तीन खोल्या, मागे परस, आणि शेवटच्या खोलीच्या भिंतीला टेकून खुराडं. खुराडं वडिलांनी स्वतः बांधलेलं. चाळीस वर्षं लाकडाच्या वखारीत करवतीवर काढलेल्या माणसाचं काम, त्यामुळे वाकडी फळी शोधून सापडली नसती. आत बावीस कोंबड्या आणि एक कोंबडा. कोंबड्या आईच्या होत्या, पण आईचे गुडघे गेले होते. धाकटी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी आईने खुराड्याची कडी तिच्या हातात दिली.

“हे आता तुझं,” आई म्हणाली. “अंडी तुझी आणि घाणही तुझी.”

अंडी नाक्यावरचा पाववाला घ्यायचा. त्यामुळे तेलाला, साबणाला धाकटीला भावापुढे हात पसरावा लागत नव्हता. त्या घरात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं. पेटी आणि कोंबड्या.

पाऊस सुरू होईपर्यंत सगळं ठीक होतं. पण त्या वर्षी पाऊस सुरू झाला तो हलेचना. सव्वीस दिवस ऊन पडलं नाही. गल्लीचं पाणी जमिनीखालून झिरपत परसात यायला लागलं आणि खुराड्याची मातीची जमीन खालून ओली झाली. वरून कोंबड्यांची विष्ठा. दोन्हींचा मिळून काळा राडा झाला, आणि त्याचा असा उग्र दर्प उठायचा, की सकाळी दार उघडलं की डोळ्यांतून पाणी यायचं. कोंबड्यांचे तळवे सुजले. त्या एक पाय पोटाशी धरून उभ्या राहायच्या, मग दुसरा. दोघी मेल्या. अंडी मळकी निघायला लागली. पाववाला अंडं बोटांत फिरवून म्हणाला, “ताई, ही धुऊन देत जा. गिऱ्हाइकाला वाटतं पाव पण असलाच असेल.”

खुराड्याच्या भिंतीपलीकडे जुळी निजायची. वरच्या झरोक्यातून दर्प आत जायचा. दोन्ही पोरं खोकायला लागली. एक खोकलं की दुसरं त्याला जोड द्यायचं.

वहिनी स्वभावाने वाईट नव्हती, पण झोप नसलेली बाई होती. दोरीवर चाळीस लंगोट आणि एकही वाळलेला नाही.

“वन्सं,” ती म्हणाली, “माझ्या लेकरांच्या नाकात जळजळतंय. त्यांना बोलता येत नाही म्हणून मी बोलते.”

“करते काहीतरी, वहिनी.”

“तुम्ही रोज करताच आहात. त्याने होतंय का काही?”

दादा दुधाच्या टेम्पोवर होता. पहाटे जायचा आणि दहाला परत यायचा. त्या दिवशी त्याने चपला काढायच्या आधीच मागे येऊन झरोक्याखाली उभं राहून श्वास घेतला आणि तोंड फिरवलं.

“धाकटे, पुढच्या रविवारपर्यंत बघतो. नाहीतर मटणवाल्याला बोलावतो. तो सगळ्या एकदम नेईल.”

“आणि मी?”

“तू काय? तुला कोण ने म्हणतंय?” दादा म्हणाला, पण तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

तेव्हापासून धाकटी गादीच्या मागे लागली. कोंबड्यांच्या पायाखाली जे पसरतात त्याला गादी म्हणतात. पसरायला पुष्कळ काही मिळतं. पण ओलं शोषून घेईल, लवकर कुजणार नाही, कोंबडीने चोच मारली तरी तिला बाधणार नाही, असं शोधायला गेलं की थोडंच उरतं. आईने ते ऐकून सांगितलं, “कोंबड्यांना गादी घाला. मला चटई बदलून द्या म्हणून मी चार वर्षं सांगतेय.”

पहिल्यांदा तिने पेंढा आणला. गोठेवालीकडून चार भारे, डोक्यावरून, दोन खेपांत. आधी सगळा राडा फावड्याने ओढून घमेल्यात भरायचा आणि परसाच्या टोकाला नेऊन टाकायचा. डाव्या मनगटात जोर नव्हता, म्हणून घमेलं ती पोटावर टेकवून न्यायची. साडीचा पुढचा सगळा भाग बरबटायचा. खुराड्यात ताठ उभं राहता येत नव्हतं. संध्याकाळी कंबर सरळ करायची म्हटलं की ती दोन्ही हात दाराच्या चौकटीला धरून थांबायची आणि कंबर आपणहून सरळ होण्याची वाट बघायची.

पेंढा कोंबड्यांना आवडला. दोन दिवस त्या उकरत बसल्या. तिसऱ्या दिवशी वरून कोरडा दिसणारा पेंढा हाताने उचलला तर आख्खा थर चटईसारखा उचलून आला, आणि खालून पांढरी बुरशी. झटकल्यावर धूळ उडाली आणि ती स्वतःच खोकायला लागली.

पेंढा गेला. मग वाळू झाली. नदीकडची वाळू ओली, गाडी ओढताना चाक रुतायचं. वाळूने राडा आत घेतला, पण तिच्या पोटात ऊन शिरायला ऊनच नव्हतं. कोंबड्या गार वाळूत उभ्या राहिल्या, पिसं फुगवून. वहिनी झरोक्यातून बघून म्हणाली, “समुद्रावर आल्यासारख्या उभ्या आहेत बिचाऱ्या.” धाकटीला हसू आलं. दोघी भिंतीच्या दोन बाजूंनी थोडा वेळ हसल्या आणि मग पोर रडलं.

भाताचं तूस सगळ्यांत बरं, असं गोठेवालीनेच सांगितलं. धाकटी भाताच्या गिरणीवर गेली. गिरणीवाला पेपर वाचत बसला होता.

“तूस कुठलं आता? नवा भात येईपर्यंत गिरणी झोपलेली आहे. असतं ते सगळं मोठा पोल्ट्रीवाला आधीच उचलतो.”

“एक गोणी तरी.”

“बाई, एक गोणी असती तर मीच अंथरून झोपलो असतो. खाली बघा, ओल आली आहे.”

ती परत आली तेव्हा वडील पायरीवर बसले होते. इतके दिवस ते काही बोलले नव्हते. आता त्यांनी तिचे पाय बघितले. चिखलात राहून बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडल्या होत्या.

“रंध्याखालची छिलपं लागतात,” ते म्हणाले. “भुसा नाही. भुसा बारीक, तो कोंबडीच्या डोळ्यांत जातो. छिलपं हवीत. उद्या वखारीत जाऊ. मी निवडून देतो.”

वडील निवडून देतो म्हणाले, तेव्हा धाकटीला निम्मं काम झाल्यासारखं वाटलं. आख्ख्या गावात वडिलांना नाकवाले मामा म्हणत. लाकडाची चिमूट नाकाशी धरली की ते झाड सांगायचे, डोंगरावरचं की पाण्याकाठचं तेही सांगायचे. लोक नवी खाट, नवं दार घेऊन यायचे. “मामा, साग म्हणून दिलंय, बघा जरा.” मामा वास घ्यायचे आणि म्हणायचे, “याने साग बघितलेला आहे. लांबून.” लोक हसत परत जायचे आणि सुताराशी भांडायचे. करवत सोडून पाच वर्षं झाली तरी बुधवारी नवा माल उतरला की वखारीतून त्यांना बोलावणं यायचं. तिथे त्यांना खुर्ची मिळायची आणि चहा.

घरातही तसंच होतं. दूध नासलं का, तेल खवट झालं का, पाण्याला वास येतोय का, स्वतः कुणी हुंगायचं नाही. “बाबांना दाखव,” एवढंच. लहानपणापासून धाकटीने स्वतःचं नाक कधी वापरलं नव्हतं म्हटलं तरी चालेल. त्या घरात नाक एकच होतं.

सोमवारी दोघं हातगाडी घेऊन वखारीत गेले. पाऊस बारीक होता. वखारीत जुने मालक राहिले नव्हते, त्यांचा मुलगा बसायचा. तो फोनवर होता. त्याने हाताने थांबा म्हणून खूण केली आणि मामा थांबले. बुधवार नव्हता, त्यामुळे खुर्ची कुणी आणली नाही. छपराच्या पन्हळीचं पाणी त्यांच्या खांद्यावर पडत होतं. ते अर्धं पाऊल सरकले, पुन्हा पडलं, पुन्हा सरकले. धाकटी गाडीच्या दांडीला धरून उभी होती. तिने चेहऱ्याला फडकं बांधलं होतं, कारण आत करवत चालू होती आणि धूळ उडत होती.

“हां, मामा,” मुलगा शेवटी म्हणाला. “छिलपं? न्या की. तुमचीच वखार आहे. फक्त पुढच्या ढिगाला हात लावू नका, तो वीटभट्टीवाल्याचा आहे. मागचा न्या.”

मागचा ढीग अर्ध्या अंधारात होता. धाकटीने मूठ भरली. छिलपं कोरडी होती, पातळ, कुरळी. मूठ दाबून सोडली की पुन्हा फुलायची. इतके दिवस हातात आलेल्या सगळ्यापेक्षा चांगली. पण फडक्यातूनही तिला काहीतरी लागलं. कडू, औषधासारखं, घशाच्या मागे बसणारं.

“बाबा, याला वेगळाच वास येतोय.”

वडिलांनी चिमूट उचलली, नाकाशी धरली. मग तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर फडकं होतं, डोळे तेवढे दिसत होते.

“कसला वास वाटतो तुला?”

“औषधाचा.”

“नीलगिरी आहे,” वडील म्हणाले. “नीलगिरीला औषधाचाच येतो. कोरडं लाकूड, ओल धरत नाही. आणि पोरांच्या सर्दीलाही बरं. भर.”

तिने आठ गोण्या भरल्या. वडील गोणीचं तोंड धरून उभे राहिले. परतताना ती पुढून ओढत होती आणि ते मागून ढकलत होते, म्हणजे एक हात गाडीवर ठेवून चालत होते. वळणावर शिंपीण तिच्या मशीनवरून उठून बाहेर आली. तिच्याकडेही सहा कोंबड्या होत्या आणि तिच्याकडेही चिखल होता.

“मामा, काय घबाड आणलंत?”

“कोंबड्यांची गादी,” मामा म्हणाले.

“एक गोणी टाका की मला. तुम्ही नाकाने पास केलेला माल म्हणजे बघायलाच नको.”

मामांनी स्वतः वाकून गोणी उतरवून दिली. धाकटीने बघितलं, बऱ्याच दिवसांनी त्यांची मान ताठ झाली होती.

त्या दिवशी खुराडं तिने तळापासून खरवडलं, राख टाकली, आणि वर हातभर छिलपं पसरली. उरलेल्या वीस कोंबड्या आधी दारात थबकल्या, मग एकेक आत आल्या आणि उकरायला लागल्या. चोचीने छिलपं उडवत, खालचं वर करत. दर्प गेला. वहिनीने झरोक्याचं फडकं काढलं. “दवाखान्यासारखा वास येतो,” ती म्हणाली, “पण त्यापेक्षा बरा.” मामंजी नीलगिरी म्हणालेत हे कळल्यावर ती आणखी काही बोलली नाही. मंगळवारी दुपारी दोन्ही पोरं एकाच वेळी झोपली. दादा मागे आला, श्वास घेतला, मान डोलवली आणि चहा मागितला. रविवारचं नाव त्याने काढलं नाही.

धाकटी त्या दुपारी परसातल्या दगडावर बसली आणि तिथेच बसल्या बसल्या झोपली.

बुधवारी संध्याकाळी कोंबड्या दाण्याला धावल्या नाहीत. चौघी-पाच जणी कोपऱ्यात माना पाडून बसल्या होत्या. तुरे काळपट झाले होते. एकीच्या चोचीतून लाळ गळत होती. गुरुवारी सकाळी दार उघडलं तर सात मेलेल्या. पाय ताणलेले, बोटं आवळलेली. दुपारपर्यंत आणखी दोन.

जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर सायकलवरून आला. तो खुराड्याच्या दाराशी वाकला आणि आत न जाताच मागे सरला. मग मूठभर छिलपं उचलून उजेडात धरली. उजेडात त्यांच्या कडा हिरवट दिसत होत्या.

“हे कुणी घातलं?”

“का?” धाकटीने विचारलं.

“हे खांबाचं लाकूड आहे, बाई. तारेचे खांब असतात ना, ते. वाळवी लागू नये म्हणून याला विष पाजतात. कोंबड्यांनी हे चोचीने खाल्लं.” त्याने मूठ टाकली आणि हात पँटीला पुसला. “एवढा वास मारतोय. तुमच्या घरात कुणाला वास आला नाही का?”

वडील पायरीवर बसले होते, चहाचा कप हातात. आई दारात उभी होती. कंपाउंडरला उत्तर नकोच होतं. जिवंत आहेत त्यांना बाहेर काढा, पाणी भरपूर द्या, हे पोरांच्या जवळ ठेवू नका, जाळू तर अजिबात नका, असं सांगून तो गेला.

धाकटीने फडकं बांधलं आणि फावडं घेतलं. वहिनीने पोरांना पुढच्या खोलीत नेलं. सगळी गादी पुन्हा गोण्यांत भरायची होती. पसरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट भरायला लागला. मधेच तिला वाटलं, अजून कुठून तरी वास येतोय, आणि तो छिलपांचा नाही. ती वास काढत गेली. पायरीच्या बाजूला फळ्या रचलेल्या होत्या, त्यांच्या मागे एक कोंबडी जाऊन मेली होती. बुधवारचीच असावी. पोट फुगून फुटलं होतं, माश्या होत्या. वडील तिथून हातभर अंतरावर बसून चहा पीत होते. सकाळपासून त्याच जागी.

तिने कोंबडी पायाला धरून बाहेर ओढली. वडिलांनी ती बघितली. मग त्यांनी धाकटीकडे बघितलं. कपात उरलं होतं ते त्यांनी हळूच जमिनीवर ओतलं आणि कप पालथा ठेवला.

तिने कोंबडी घमेल्यात टाकली आणि पुढचं काम केलं.

दादा त्या दिवशी दुसरी खेप करून संध्याकाळी आला. दहा कोंबड्या मेलेल्या, घर विषारी वासाने भरलेलं, बायको पोरांना घेऊन पुढच्या खोलीत. त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या.

“त्या वखारवाल्याला मी बघतो. विषाची छिलपं देतो? बाबांसारख्या माणसाला? बाबा, तुम्ही होतात ना तिथे?”

वडील जेवायला बसले होते. त्यांचा हात ताटात थांबला.

“मी भरली,” धाकटी म्हणाली. “बाबा पुढे बोलत उभे होते. मागचा ढीग मीच निवडला. वास आला होता मला. मला वाटलं, चालेल.”

“तुला वाटलं?”

“हो.”

“वास आला आणि तरी तू पोरांच्या भिंतीला आणून लावलंस?” दादाचा आवाज चढला नाही, तो खाली गेला. “तुला कळतं तरी काय? तुला संसार करता आला नाही, कोंबड्या सांभाळता आल्या नाहीत. राहिल्यात त्या रविवारी देऊन टाकतो.”

आईने वडिलांकडे बघितलं. वडील ताटाकडे बघत होते. मग त्यांनी घास उचलला, तोंडात घातला आणि चावत राहिले. तो घास गिळायला त्यांना फार वेळ लागला. धाकटीने पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ सरकवला आणि उठून हात धुवायला गेली.

शुक्रवारी सकाळी तिने भरलेल्या गोण्या भिंतीशी ओळीने लावल्या. सात झाल्या. तिने पुन्हा मोजल्या. वखारीतून निघताना आठ होत्या.

ती तशीच, केस न बांधता, शिंपिणीकडे धावली. शिंपिणीने कालपर्यंत खुराडं साफ करून घेतलं होतं. गोणी दाराशी आणली होती आणि ती सुतळीची गाठ दातांनी सोडवत होती.

“मावशी, थांबा. ते घालू नका.”

“का ग?”

“विषारी आहे. आमच्या दहा मेल्या.”

शिंपिणीने गाठ तोंडातून काढली. “रोगाने मेल्या असतील. तुमच्या इकडे ओल केवढी. रोगाची साथ आहे सगळीकडे.”

“नाही मावशी, हेच आहे. खांबाचं लाकूड आहे.”

“अग, मामांनी निवडलेलं आहे. माझ्या डोळ्यांसमोर म्हणाले.” शिंपीण आता कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “सरळ सांग ना, गोणी परत हवी आहे. कमी पडली असेल तुम्हाला. बापाच्या नाकावर कशाला ढकलतेस? आख्खं गाव त्या नाकावर दारं-खिडक्या लावतं.”

शेजारचा न्हावी वस्तरा हातात घेऊन दारात आला. त्याच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीला साबण तसाच ठेवून मागे उभं राहिलं. गवंडी आणि त्याची बायको कामावर निघालेली, तीही थांबली. खरं सांगायचं तर एकच गोष्ट सांगावी लागत होती. ती तिने काल रात्रीच्या जेवणाला दातांखाली धरून ठेवली होती.

“मीच निवडलं,” ती म्हणाली. “बाबांनी नाही.”

“मग तर घालतेच. तुझ्या सांगण्यावर टाकून देऊ?” शिंपिणीने गोणी उचलली.

“ठेव खाली,” मागून आवाज आला.

वडील गल्लीतून येत होते. पायात चपला नव्हत्या. धाकटी धावली तेव्हाच ते उठले असावेत, पण त्यांना धावता येत नव्हतं. ते शिंपिणीच्या दारापर्यंत आले आणि दम खात उभे राहिले. मग त्यांनी गोणीत हात घातला, मूठभर छिलपं काढली आणि न्हाव्यापुढे धरली.

“कसला वास येतो?”

न्हाव्याने नाक जवळ नेलं आणि झटक्यात मागे घेतलं. “डांबरगोळ्यांसारखा. औषधाचा. काय आहे मामा?”

“मला विचारू नको,” वडील म्हणाले. “मला येत नाही. मला कसलाच वास येत नाही. चार वर्षं झाली.”

अर्ध्या दाढीवाल्याने साबण पुसायला हात वर नेला आणि तसाच ठेवला.

“पोरीला आला होता,” वडील म्हणाले. “तिने सांगितलं. मी नीलगिरी म्हणालो. नीलगिरी असेल असं वाटलं म्हणून म्हणालो. गोणी परत दे.”

शिंपिणीने गोणी दिली. धाकटी ती पाठीवर घेणार तेवढ्यात गवंडी पुढे आला. “मामा, मग माझी खिडकी? गेल्या वर्षी तुम्ही बघितलेली?”

“तुझी खिडकी मी नखाने बघितली. रेषा बघितल्या. साग आहे ती.” मग थोडं थांबून, “बहुतेक.”

न्हावी हसला. त्याला हसायचं नव्हतं, पण हसू आलं. मग गवंड्याची बायकोही हसली. वडील हसले नाहीत, आणि रागावलेही नाहीत. त्यांनी हातातली छिलपं गोणीत परत टाकली, एकही बाहेर पडू न देता.

परतताना गोणी धाकटीच्या पाठीवर होती. वडील भिंतीच्या कडेकडेने चालत होते.

“दूध नासलंय हे कसं कळायचं तुम्हाला?” तिने विचारलं.

“तुझ्या आईच्या तोंडाकडे बघायचो. ती भांडं पुढे करायची तेव्हाच तिचं तोंड सांगायचं.”

“आणि वखारीत माझ्या तोंडावर फडकं होतं.”

“हो,” वडील म्हणाले. “काल मी बोलायला हवं होतं. घास तोंडात होता.”

“असू दे.”

“असू दे कसं. तुझ्या कोंबड्या होत्या.”

तिने पाठीवरचं ओझं सावरलं. गोणी हलकी होती, पण तिची कड मानेला घासत होती.

दादाला त्यांनी दुपारी स्वतः सांगितलं, परसात उभं राहून. काय बोलले ते कुणी ऐकलं नाही. वहिनीला झरोक्यातून एवढंच दिसलं, की दादा खाली बघत होता आणि मामंजी त्याच्या शर्टाचं एक सुटलेलं बटण चाचपत होते. मग वडील वखारीत गेले आणि मागचा ढीग कुणाला द्यायचा नाही म्हणून सांगून आले. कारणही सांगून आले. पुढच्या बुधवारी बोलावणं आलं नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी वडील अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून दाराशी बसले. दुपारी त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला. त्यानंतर ते बुधवारी बसले नाहीत.

रविवारी मटणवाला आला नाही. दादा सकाळी उठला, कुदळ घेतली आणि खुराड्याच्या कडेने चर खणायला लागला, गल्लीचं पाणी बाहेर काढायला. धाकटीने घमेलं धरलं. दोघं दिवसभरात दहा शब्द बोलले असतील, त्यातले सहा “जरा बाजूला हो” असे. संध्याकाळी चरातून पाणी वाहायला लागलं तेव्हा तो कुदळीवर हनुवटी ठेवून म्हणाला, “काल मी काय बोललो, ते...” आणि मग म्हणाला, “चहा असेल तर बघ.”

“गुरुवारी बोललास,” धाकटी म्हणाली आणि चहा आणायला गेली.

वाचलेल्या दहांपैकी आणखी एक मेली. नऊ उरल्या आणि कोंबडा. पुढचा महिनाभर त्या पोत्यावर निजल्या. रोज सकाळी पोतं काढायचं, झटकायचं, चुलीजवळ वाळवायचं, दुसरं घालायचं. चुलीजवळ लंगोट आणि पोती शेजारीशेजारी वाळायची, आणि वहिनी काही बोलायची नाही. कंपाउंडरने सांगितलं म्हणून महिनाभर अंडी मातीत पुरली. मग धाकटीने पहिली अंडी पाववाल्याकडे नेली, धुऊन. त्याने ती निवांत उजेडात बघितली आणि ठेवून घेतली.

नवा भात आला तेव्हा ती गिरणीवर पहाटेपासून रांगेत उभी राहिली. दोन गोण्या तूस मिळालं. तिने गोणीत हात घातला, मूठ दाबली, सोडली, पसरलेल्या तळव्यावर फुंकर मारली. मग मूठ नाकाशी धरली आणि हुंगली. गिरणीवाला बघत होता. तिने त्याला काही विचारलं नाही.

धाकटी पुन्हा सासरी गेली नाही. तीन वर्षांत खुराड्यात चाळीस कोंबड्या झाल्या, आणि दादाने शेजारी दुसरं खुराडं बांधून दिलं.

वडील ते बघायला नव्हते. ते त्या पावसाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात, सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास गेले. आई त्यानंतर सहा वर्षांनी गेली.